जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये वेब कॉम्पोनंट लायब्ररी कशी वापरावी

एकाच उत्पादनाचा काही भाग रिॲक्टमध्ये, काही व्ह्यूमध्ये आणि एखादा जुना विभाग अँग्युलरमध्ये लिहिलेला असला की तेच बटण, तोच डायलॉग आणि तीच तारखेची पेटी तीन वेळा लिहावी लागते, आणि काही महिन्यांतच ती तिन्ही एकमेकांपासून थोडीथोडी वेगळी दिसू लागतात. वेब कॉम्पोनंट लायब्ररी हा या दुखण्यावरचा एक रास्त उपाय आहे, कारण तिच्यातले घटक कोणत्याही फ्रेमवर्कच्या भाषेत लिहिलेले नसून ब्राउझरला थेट समजणारे टॅग असतात. मात्र ‘कुठेही चालतात’ या वाक्याचा अर्थ ‘काहीही न करता चालतात’ असा घेतला की घोटाळा होतो. फ्रेमवर्क आणि घटक यांच्यात माहिती कोणत्या मार्गाने जाते आणि कोणत्या मार्गाने परत येते हे नीट कळले, तर उरलेले काम बहुतांशी लिखापढीचे असते. ते कळले नाही, तर प्रत्येक घटकामागे एक दिवस जातो.

पुढील मजकुरात कोडमधील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहावयाची आहेत.

फ्रेमवर्कच्या आधी एक साधे पान

पहिली पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पस्तावतात. लायब्ररी थेट प्रकल्पात न घालता आधी एक साधे एचटीएमएल पान करावे, त्यात लायब्ररी जोडावी आणि जो घटक वापरायचा आहे तो तिथे हाताने लिहून पाहावा. ब्राउझरच्या कन्सोलमधून त्या घटकाची एखादी प्रॉपर्टी बदलावी, ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’ने त्याचे इव्हेंट ऐकावेत आणि प्रत्येक इव्हेंटचे नेमके नाव, त्यातील मोठ्या-लहान अक्षरांसह, टिपून ठेवावे. घटक साध्या पानावर नीट वागत असेल आणि फ्रेमवर्कमध्ये वागत नसेल, तर चूक जोडणीत आहे हे निश्चित होते. हा निवाडा आधीच झालेला असला की पुढचा बराच वाद वाचतो.

याच वेळी प्रत्येक टॅगविषयी पाच गोष्टींची नोंद करावी: तो कोणती ॲट्रिब्यूट घेतो, कोणत्या प्रॉपर्टी घेतो, कोणते इव्हेंट पाठवतो, त्याला कोणते स्लॉट (बाहेरून मजकूर बसवण्याच्या जागा) आहेत आणि बाहेरून रंगरूप बदलण्यासाठी त्याने काय मोकळे ठेवले आहे. अनेक लायब्ऱ्या ही माहिती ‘कस्टम एलिमेंट्स मॅनिफेस्ट’ नावाच्या जेसन फाइलमध्ये पॅकेजसोबतच देतात. ती फाइल संपादकाला आणि टाइपस्क्रिप्टलाही उपयोगी पडते.

नोंदणी आणि तिचा क्रम

वेब कॉम्पोनंटचा टॅग ब्राउझरला जन्मतः ठाऊक नसतो. ‘कस्टम-एलिमेंट्स डिफाइन’ हे फंक्शन त्याचे नाव आणि क्लास यांची गाठ घालून देते. नावात किमान एक जोडरेघ असावीच लागते, त्यामुळे भविष्यात एचटीएमएलमध्ये येणाऱ्या टॅगांशी त्याची टक्कर होत नाही. बहुतेक लायब्ऱ्यांत घटकाची फाइल इम्पोर्ट केली की नोंदणी आपोआप होते. शक्यतो संपूर्ण लायब्ररी इम्पोर्ट न करता लागणारे घटक तेवढेच एकेक करून घ्यावेत. नाहीतर दोन बटणांसाठी शंभर घटकांचे ओझे वापरकर्त्याच्या माथी बसते.

येथे एक खोडी लक्षात ठेवावी. टाइपस्क्रिप्टमध्ये एखादा क्लास नावाने इम्पोर्ट करून तो फक्त टाइप म्हणून वापरला, तर कंपायलर तो इम्पोर्ट अनावश्यक समजून गाळून टाकतो. परिणामी कोड कुठलीही तक्रार न करता तयार होतो, पण टॅगची नोंदणीच होत नाही आणि पानावर रिकामी जागा दिसते. म्हणून नोंदणीसाठी नाव न घेता फक्त फाइलचा इम्पोर्ट वेगळ्या ओळीवर लिहावा. याच्या उलट बाजूची चूक म्हणजे एकच नाव दोनदा नोंदवणे: दोन पॅकेजांनी लायब्ररीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या ओढून आणल्या की दुसऱ्या नोंदणीला ब्राउझर थेट त्रुटी फेकतो. अशा वेळी पॅकेज व्यवस्थापकाकडून आवृत्ती एकच राहील याची तजवीज करावी. त्रुटी गिळून टाकणारा कोड लिहू नये.

लायब्ररीत चिन्हांचा संच असेल, तर त्या चित्रफाइली कोणत्या पत्त्यावर आहेत हे बहुधा वेगळे सांगावे लागते. शूलेससारख्या लायब्ररीत त्यासाठी ‘सेट-बेस-पाथ’ असे फंक्शन आहे. बाकी सगळे दिसते पण चिन्हे दिसत नाहीत, असे झाले तर पहिल्यांदा इथेच पाहावे.

आता क्रमाचा प्रश्न, आणि तो वाटतो त्याहून खोल आहे. टॅग पानावर आधी आला आणि त्याची नोंदणी मागाहून झाली तरी ब्राउझर त्या टॅगला नंतर ‘बढती’ देतो, म्हणजे त्याचे साध्या मूलद्रव्यातून (एलिमेंटमधून) पूर्ण घटकात रूपांतर करतो. साध्या पानावर हे अगदी सुरळीत चालते. फ्रेमवर्कमध्ये मात्र मधल्या काळात फ्रेमवर्कने त्या टॅगवर काही लिहिलेले असते. रिॲक्टची १९वी आवृत्ती आणि व्ह्यू ३ दोन्हीही ‘या नावाची प्रॉपर्टी या मूलद्रव्यावर आहे का’ हे तपासून मगच ती लिहितात. नोंदणी झालेली नसेल तर उत्तर ‘नाही’ असे येते, आणि मग यादी किंवा ऑब्जेक्टदेखील ॲट्रिब्यूटमध्ये अक्षरमालिका होऊन जाऊन बसतो. तपासणी साधनांत टॅगवर ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ असे शब्द दिसले तर समजावे की नेमके हेच घडले आहे. अँग्युलर चौकोनी कंसातले मूल्य थेट प्रॉपर्टी म्हणून लिहितो, त्यामुळे तिथे अडचण निराळी होते: बढतीपूर्वी लिहिलेली प्रॉपर्टी त्या मूलद्रव्याच्या अंगावरच राहते आणि क्लासने पुरवलेला सेटर तिच्यामागे झाकला जातो. लिट या वेब कॉम्पोनंट लिहिण्याच्या साधनावर उभ्या असलेल्या लायब्ऱ्या ही परिस्थिती स्वतः सांभाळून घेतात, परंतु हाताने लिहिलेले सगळेच घटक तसे करत नाहीत. तात्पर्य असे की जे घटक पहिल्या रेंडरमध्ये लागणार आहेत, त्यांचे इम्पोर्ट ॲप सुरू करणाऱ्या फाइलमध्ये, ॲप पानावर बसवण्याच्या ओळीच्या आधी असावेत. एखादा जड घटक उशिरा आणायचाच असेल तर ‘व्हेन-डिफाइन्ड’ जे प्रॉमिस देते ते पूर्ण होईपर्यंत तो रेंडर करू नये.

माहिती खाली कशी जाते

ॲट्रिब्यूट म्हणजे टॅगवर लिहिलेला मजकूर; त्यात केवळ अक्षरेच मावतात. प्रॉपर्टी म्हणजे त्या टॅगच्या जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टवरील मूल्य. त्यात यादी, ऑब्जेक्ट, तारीख, फंक्शन काहीही ठेवता येते. या दोहोंतला फरक एरवी जाणवत नाही, कारण साध्या टॅगांबाबत फ्रेमवर्क तो आपल्या वतीने सांभाळत असते. वेब कॉम्पोनंटच्या बाबतीत मात्र त्याला प्रत्येक नावाची माहिती नसते.

सर्वांत जास्त फसवणारे मूल्य म्हणजे ‘खोटे’, अर्थात फॉल्स. एचटीएमएलमध्ये ‘डिसेबल्ड’सारखे ॲट्रिब्यूट नुसते उपस्थित असले की ते खरे मानले जाते, मग त्यात काहीही लिहिलेले असो. रिॲक्टच्या १८व्या आवृत्तीपर्यंत कस्टम टॅगला दिलेले सगळेच ॲट्रिब्यूट म्हणून जात असल्यामुळे फॉल्स हे मूल्य ‘फॉल्स’ या शब्दाच्या रूपाने टॅगवर उमटे आणि बटण बंदच राही. त्या आवृत्तीवर काम चालू असेल, तर अशा ठिकाणी फॉल्सऐवजी ‘अनडिफाइन्ड’ द्यावे, म्हणजे ॲट्रिब्यूट लिहिलेच जाणार नाही.

यादी किंवा ऑब्जेक्ट देताना आणखी एक काळजी घ्यावी. लिटवरील घटक जुने आणि नवे मूल्य तेच आहे का एवढेच पाहतात. यादीच्या आत डोकावत नाहीत. त्यामुळे जुन्याच यादीत एक वस्तू ढकलली तर घटकाला बदल झाल्याचा पत्ता लागत नाही, आणि व्ह्यूच्या सवयीने लिहिणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. बदल झाला की नवी यादी तयार करून द्यावी. रिॲक्टमध्ये नेमकी उलटी तऱ्हा असते: टॅगवरच यादी लिहिली तर प्रत्येक रेंडरला नवी यादी जन्माला येते आणि घटक विनाकारण पुन्हापुन्हा रंगवला जातो. ती यादी कॉम्पोनंटच्या बाहेर ठेवावी किंवा ‘यूज-मेमो’मध्ये गुंडाळावी.

रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर

रिॲक्टमध्ये आवृत्ती कोणती यावर सगळे अवलंबून आहे. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या १९व्या आवृत्तीपासून कस्टम टॅगांना रीतसर पाठिंबा मिळाला. मूलद्रव्यावर त्या नावाची प्रॉपर्टी असेल तर ती लिहिली जाते, नसेल तर ॲट्रिब्यूट लिहिले जाते. आणि ‘ऑन’ या अक्षरांनंतर इव्हेंटचे नाव जसेच्या तसे, जोडरेघेसकट, लिहिले की तो ऐकला जातो. येथे रिॲक्टच्या नेहमीच्या सवयीने पहिले अक्षर मोठे करू नये, कारण मग वेगळ्याच नावाचा इव्हेंट ऐकला जाईल आणि कुठलीही सूचना मिळणार नाही. १८ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर असल्यास ‘रेफ’ धरून ‘यूज-इफेक्ट’मध्ये इव्हेंट जोडावा, परतीच्या फंक्शनमध्ये तो सोडवावा आणि ऑब्जेक्ट-प्रॉपर्टीही तिथेच लिहाव्यात. हे दर घटकामागे हाताने करण्यापेक्षा लिटच्या रिॲक्टसाठीच्या पॅकेजमधील ‘क्रिएट-कॉम्पोनंट’ वापरून वेष्टन (रॅपर) तयार करणे बरे. काही लायब्ऱ्या अशी वेष्टने तयारच देतात.

व्ह्यूमध्ये पहिल्यांदा कंपायलरला सांगावे लागते की अमुक टॅग व्ह्यूचा कॉम्पोनंट नाही, अन्यथा कॉम्पोनंट सापडला नाही अशी ताकीद कन्सोलमध्ये येत राहते. त्यासाठी कंपायलरच्या पर्यायांत ‘इज-कस्टम-एलिमेंट’ हे फंक्शन द्यावे. व्हीट हे बिल्ड-साधन वापरत असल्यास ते व्ह्यूच्या प्लगइनला टेम्पलेटच्या पर्यायांतून मिळते. अनेक उदाहरणांत ‘नावात जोडरेघ असली की तो कस्टम टॅग’ असा सोपा नियम लिहिलेला आढळतो. तो टाळावा, कारण व्ह्यूचे स्वतःचे कॉम्पोनंटही टेम्पलेटमध्ये जोडरेघेने लिहिता येतात आणि मग तेही कस्टम टॅग मानले जातात. लायब्ररीचा उपसर्ग तपासणे अधिक शहाणपणाचे आहे. प्रॉपर्टीच लिहिली जावी असा आग्रह असेल तेव्हा बंधनाला (बाइंडिंगला) ‘प्रॉप’ हा मॉडिफायर लावावा. स्लॉटसाठी मात्र ‘व्ही-स्लॉट’ न वापरता एचटीएमएलचे साधे ‘स्लॉट’ ॲट्रिब्यूट लिहावे. लिंटर (कोडची शैली तपासणारे साधन) त्याला कालबाह्य वाक्यरचना म्हणेल, कारण व्ह्यूच्या जुन्या आवृत्तीत तेच नाव वेगळ्या अर्थाने वापरले जात असे. तो नियम अशा टॅगांपुरता बंद करावा.

अँग्युलरमध्ये ज्या मॉड्यूलमध्ये किंवा स्वतंत्र कॉम्पोनंटमध्ये हे टॅग येतात, त्याच्या ‘स्कीमाज’मध्ये ‘कस्टम एलिमेंट्स स्कीमा’ टाकावा. पुढे सगळे ओळखीचेच आहे: चौकोनी कंसात प्रॉपर्टी, गोल कंसात इव्हेंट. पण या स्कीमाची एक किंमत आहे, आणि ती कमी लेखू नये. तो लावलेल्या जागी जोडरेघ असलेल्या कोणत्याही टॅगची तपासणी बंद होते, त्यामुळे स्वतःच्या अँग्युलर कॉम्पोनंटच्या नावात चूक झाली तरी कंपायलर गप्प राहतो. म्हणून तो संपूर्ण ॲपला न लावता लहान लहान वेष्टन-कॉम्पोनंटांपुरता ठेवावा.

स्वेल्ट या चौथ्या फ्रेमवर्कमध्ये सांगण्यासारखे फारसे नाही. तेथेही प्रॉपर्टी आहे का हे पाहूनच मूल्य लिहिले जाते.

इव्हेंट वर येताना

घटक आपले म्हणणे कस्टम इव्हेंटने कळवतो आणि सोबतची माहिती ‘डिटेल’ या नावाखाली देतो किंवा ती ‘टार्गेट’च्या प्रॉपर्टीवरून वाचायची असते. लायब्ररीनुसार पद्धत बदलते, म्हणून सुरुवातीच्या साध्या पानावरची टिपणे येथे कामी येतात.

बुडबुड्यासारखे वर चढणारे इव्हेंट हा या सगळ्या विषयातला सर्वांत त्रासदायक भाग आहे. शूलेसचे उदाहरण घेऊ. त्यातील डायलॉग बंद होताना ‘एसएल-हाइड’ नावाचा इव्हेंट पाठवतो; त्यातीलच टूलटिप आणि घडी घालता येणारा ‘डिटेल्स’ हा घटकही मिटताना त्याच नावाचा इव्हेंट पाठवतात. डायलॉगच्या आत टूलटिप असेल, तर टूलटिप मिटल्याची वार्ता वर चढून डायलॉगच्या हँडलरपर्यंत (इव्हेंट ऐकणाऱ्या फंक्शनपर्यंत) येते आणि त्या हँडलरला वाटते की डायलॉगच बंद झाला. वापरकर्ता माउस बाजूला नेतो आणि अख्खा डायलॉग नाहीसा होतो. हा दोष शोधताना आम्ही सुरुवातीला बराच वेळ स्टेटच्या (ॲपने जपलेल्या चालू मूल्यांच्या) कोडमध्येच शोधत बसलो होतो, जिथे काहीच चुकलेले नव्हते. उपाय एका ओळीचा आहे: हँडलरमध्ये इव्हेंटचा ‘टार्गेट’ आणि ‘करंट-टार्गेट’ एकच आहेत का ते तपासावे आणि नसतील तर परत फिरावे.

याच्या उलट, शॅडो डॉमच्या, म्हणजे बाकी पानापासून वेगळ्या ठेवलेल्या घटकाच्या आतल्या रचनेच्या, आतून पाठवलेला इव्हेंट ‘कंपोज्ड’ नसेल तर तो त्या सीमेबाहेर पडतच नाही. आणि बाहेर पडलेल्या इव्हेंटचा टार्गेट आतले बटण नसून बाहेरचा टॅगच दिसतो, कारण ब्राउझर तो मुद्दाम बदलतो. तेव्हा आतल्या रचनेवर विसंबून कोड लिहू नये.

मूल्य कोणाच्या ताब्यात आहे

रिॲक्टच्या साध्या इनपुटला मूल्य दिले की ते मूल्य रिॲक्टच्या ताब्यात राहते. स्टेट बदलली नाही तर टाइप केलेले अक्षरही टिकत नाही. वेब कॉम्पोनंट असे वागत नाही. तो स्वतःचे मूल्य स्वतः सांभाळतो, वापरकर्त्याने लिहिले की बदलतो आणि नंतर इव्हेंटने कळवतो. हँडलरने ते मूल्य नाकारले आणि स्टेट पूर्वीसारखीच राहिली, तर फ्रेमवर्कच्या मते काहीच बदललेले नसल्यामुळे ते पुन्हा काही लिहीत नाही, आणि पडद्यावर एक तर स्टेटमध्ये दुसरे अशी अवस्था होते. मूल्य नाकारायचे असेल तर हँडलरमध्येच टार्गेटवर जुने मूल्य परत लिहावे.

व्ह्यूचे ‘व्ही-मॉडेल’ कस्टम टॅगवर ‘इनपुट’ या नावाचाच इव्हेंट ऐकते. लायब्ररीचा इव्हेंट उपसर्गासह असेल, तर मूल्य आणि इव्हेंट वेगवेगळे लिहावेत. अँग्युलरच्या फॉर्ममध्ये घटक बसवण्यासाठी ‘कंट्रोल व्हॅल्यू ॲक्सेसर’ असलेला एक डिरेक्टिव्ह लिहावा. तो साधारण तीसेक ओळींचा होतो आणि एकदा लिहिला की त्या प्रकारच्या सगळ्या घटकांना पुरतो.

ब्राउझरच्या मूळ फॉर्मसोबत पाठवले जाणे आणि वैधता तपासणे यांसाठी घटकाने ‘एलिमेंट इंटर्नल्स’ वापरलेले असावे लागतात. सफारीने ते २०२३मधील १६.४ या आवृत्तीपासून स्वीकारले आहेत. लायब्ररी निवडतानाच तिचे इनपुट फॉर्ममध्ये खरोखर सामील होतात का हे पाहावे, कारण ही उणीव बाहेरून भरून काढणे कष्टाचे असते. लेबलबाबतही तसेच: बाहेरचा आयडी शॅडो डॉमच्या आतल्या मूलद्रव्याला जोडता येत नाही, म्हणून लेबल घटकाच्या स्वतःच्या प्रॉपर्टीतून किंवा स्लॉटमधूनच द्यावे.

रंगरूप आणि आतला मजकूर

बाहेरचे सीएसएस शॅडो डॉमच्या आत पोहोचत नाही. हे गैरसोयीचे वाटले तरी लायब्ररी वापरण्याचे अर्धे कारणही तेच आहे. आत जाण्याच्या मुख्य वाटा दोन: सीएसएसची कस्टम प्रॉपर्टी, जी वारशाने आत उतरते, आणि ‘पार्ट’ हा निवडक (सिलेक्टर), जो लेखकाने नाव देऊन मोकळ्या ठेवलेल्या भागांनाच लागू होतो. रंग, अंतरे आणि अक्षरांचे आकार पहिल्या वाटेने, एकाच थीम-फाइलमध्ये ठरवावेत. ‘पार्ट’ अपवाद म्हणून राखून ठेवावा. व्ह्यूच्या किंवा अँग्युलरच्या मर्यादित (स्कोप्ड) शैली बाहेरच्या टॅगला लागतात, आतल्या भागांना नाही.

स्लॉटमध्ये दिलेला मजकूर फ्रेमवर्कच्याच ताब्यात राहतो आणि म्हणूनच तो नेहमीप्रमाणे बदलता येतो. मात्र शॅडो डॉम न वापरणारे काही घटक आपल्या आतील मुले (आत लिहिलेले टॅग) उचलून दुसरीकडे नेतात. फ्रेमवर्क नंतर तेच मूल जुन्या जागेवरून काढायला जाते, ते तिथे नसते, आणि रेंडर अर्ध्यावर कोसळते. असा घटक आढळला तर त्याच्या आतील मजकूर सशर्त ठेवू नये. शर्त त्या संपूर्ण घटकाभोवती लावावी.

सर्व्हरवर रेंडर करताना

सर्व्हरवर ‘एचटीएमएल एलिमेंट’ हा क्लासच नसतो, त्यामुळे लायब्ररीचा इम्पोर्ट तिथे चालला तर बऱ्याचदा पहिल्याच ओळीवर त्रुटी येते. इम्पोर्ट ‘यूज-इफेक्ट’ किंवा ‘ऑन-माउंटेड’मध्ये गतिमान पद्धतीने करावा. मग वर सांगितलेला क्रमाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, हे विसरू नये. सर्व्हरवर रेंडर करताना रिॲक्ट १९ अक्षरे, आकडे आणि ‘खरे’ एवढेच ॲट्रिब्यूट म्हणून लिहिते. ऑब्जेक्ट आणि फंक्शन गाळते.

नोंदणी होईपर्यंत टॅग विस्कळीत दिसतात. ‘डिफाइन्ड’ या सीएसएस निवडकाच्या नकाराने (त्याला ‘नॉट’ लावून) ते तोवर अदृश्य ठेवावेत, पण त्यांची जागा राखावी, म्हणजे पान नंतर उडी मारणार नाही. ‘डिक्लरेटिव्ह शॅडो डॉम’, म्हणजे शॅडो डॉम थेट एचटीएमएलमध्ये लिहून देण्याची सोय, आता सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे, फायरफॉक्समध्ये २०२४पासून. तो वापरण्यासाठी लायब्ररीनेच सर्व्हरवर रेंडर करण्याची सोय दिलेली असावी लागते.

वेष्टने आणि चाचण्या

प्रत्येक घटकाभोवती वेष्टन बांधण्याचा मोह आवरावा. बटण, चिन्ह, बिल्ला यांना ते लागत नाही. टॅग थेट वापरावेत. फॉर्ममधील घटक, डायलॉग आणि ज्यांच्या इव्हेंटांना चाळणी लावावी लागते असे घटक यांनाच वेष्टन द्यावे, आणि त्यातही मूळ नावेच कायम ठेवावीत, म्हणजे लायब्ररीचे दस्तऐवज वाचताना मनात भाषांतर करावे लागत नाही. टाइपस्क्रिप्टसह रिॲक्ट वापरत असल्यास टॅगांची नावे ‘इन्ट्रिन्सिक एलिमेंट्स’मध्ये जाहीर करावी लागतात, १९व्या आवृत्तीत ती सर्वव्यापी ‘जेएसएक्स’ऐवजी रिॲक्टच्या स्वतःच्या नेमस्पेसखाली गेली आहेत.

चाचण्यांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टेस्टिंग लायब्ररीचे शोध शॅडो डॉमच्या आत जात नाहीत, तर खरा ब्राउझर चालवणाऱ्या प्लेराइट या साधनाचे शोध, एक्सपाथ वगळता, खुल्या शॅडो डॉममधून आरपार जातात. त्यामुळे वेष्टनाचे तर्क तेवढे जेएसडॉममध्ये (ब्राउझरच्या नकलेत) तपासावेत आणि घटकासह होणारे प्रत्यक्ष वर्तन खऱ्या ब्राउझरमध्ये. आणि लिटवरील घटक प्रॉपर्टी बदलल्याबरोबर लगेच रंगवले जात नाहीत; चाचणीत मूल्य बदलल्यानंतर ‘अपडेट-कम्प्लीट’ या प्रॉमिसची वाट पाहावी आणि मगच पडद्यावर काय आहे ते वाचावे.